माझ्यासमक्ष : नव्याने नोटरी झालेल्या एका वकीलताईंना उत्तर

प्रश्न अक्कलकोट तालुक्यातल्या एका वकीलताईंचा आहे. आठ वर्षं वकिली झाली, नोटरीचं प्रमाणपत्र नुकतंच हातात आलं आणि सोलापुरात टेबल मांडायचं ठरलं आहे. त्या लिहितात : "टायपिस्ट म्हणतो, मॅडम, रोज सकाळी पंचवीस-तीस कागदांवर सही-शिक्का करून ठेवा. पक्षकार येतील तसे मी कागद देत जाईन, हिशेब संध्याकाळी करू. सगळे असंच करतात म्हणे. यात नेमकं काय चुकतं? आणि नोटरी म्हणून माझी जबाबदारी कुठपर्यंत आहे?"

ताई, टायपिस्टला आजच नाही म्हणून सांगा. उद्यावर ढकलू नका. पहिल्या आठवड्यात जी सवय लागते, तीच पुढे वीस वर्षं राहते.

तुम्ही करून घेतलेला शिक्का एकदा नीट वाचा. बहुतेक सगळ्यांच्या शिक्क्यात "माझ्यासमक्ष" हा शब्द असतो. आपण पैसे घेतो ते या शब्दाचे. अमुक माणूस अमुक दिवशी माझ्यापुढे उभा होता, तो तोच असल्याची मी खात्री केली, कागदात काय आहे हे त्याला कळत होतं आणि त्याने माझ्या डोळ्यांदेखत सही केली, एवढीच साक्ष आपण देतो. कागदातला मजकूर खरा आहे असं आपण सांगत नाही. पण माणूस समोर होता, हे खरंच असलं पाहिजे. सकाळी सही करून ठेवलेल्या कागदावर तो एक शब्दच खोटा असतो, मग खाली उरतं काय?

माझ्यावर काय वेळ आली ते सांगतो. नोटरी होऊन माझं दुसरं वर्ष चालू होतं. ओळखीच्या एका वकिलांनी कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, आणलं. म्हणाले, "म्हातारे अंथरुणाला खिळलेत, येऊ शकत नाहीत. सही त्यांचीच आहे, मी स्वतः बघितली." त्यांचा मान राखून मी शिक्का मारला. चार वर्षांनी दिवाणी न्यायालयातून मला साक्षीचं समन्स आलं. दोन भावांचा घराचा दावा होता. उलटतपासात पहिलाच प्रश्न आला, "हे गृहस्थ त्या दिवशी तुमच्यासमोर आले होते का?" रजिस्टर माझ्या हातात होतं आणि त्या नोंदीपुढचा सहीचा रकाना रिकामा होता. मी खरं ते सांगितलं. त्या मुखत्यारपत्राचं वजन तिथेच गेलं आणि ज्या भावाने त्यावर भिस्त ठेवली होती तो उघडा पडला. म्हाताऱ्यांनी खरोखर सही केली असेलही, पण ते सिद्ध करायला तोवर ते हयात नव्हते. मी रिक्षा करून त्यांच्या घरी गेलो असतो तर अर्ध्या तासाचं काम होतं. आपल्या क्षेत्रात पक्षकाराच्या घरी किंवा दवाखान्यात जाऊन नोटरी करता येते आणि त्याचा प्रवासखर्च नियमानुसार घेता येतो.

ही गोष्ट इतकी गंभीर का, तर कायद्याने आपल्या शिक्क्याला मोठा मान दिला आहे. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 85 तुम्हाला पाठ असेलच. नोटरीसमोर झालेलं आणि नोटरीने अधिप्रमाणित केलेलं मुखत्यारपत्र तसंच झालं आहे, असं न्यायालय गृहीत धरतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 139 नुसार प्रतिज्ञापत्रासाठी शपथ देण्याचा अधिकार न्यायालय आणि दंडाधिकाऱ्यांच्या बरोबरीने नोटरीलाही आहे. शपथ देणं म्हणजे कागद पुढे सरकवून "इथे सही करा" म्हणणं नव्हे. मी समोरच्याला उभं करतो आणि विचारतो, "यात लिहिलंय ते खरं आहे ना? खोटं निघालं तर शिक्षा होते, माहीत आहे ना?" भारतीय न्याय संहितेचं कलम 229 त्यासाठीच आहे. न्यायालयीन कामात खोटा पुरावा दिला तर सात वर्षांपर्यंत, इतर ठिकाणी तीन वर्षांपर्यंत कैद. हे ऐकून काही जण कागद तसाच घेऊन परत जातात. जाऊ द्यावेत.

आता आपल्या सोलापूरचं म्हणून जे खास आहे, त्यावर थोडं जास्त बोलतो. या शहरात मराठी कागदावर सही करणाऱ्या प्रत्येकाला मराठी वाचता येतं असं नाही. पूर्व भागात विणकर घरांमधून तेलुगू बोलली जाते, तुमच्या अक्कलकोटकडून आणि दक्षिण तालुक्यातून येणारे कन्नड बोलतात, मुस्लिम वस्त्यांत दखनी चालते. बाजारात सगळ्यांनाच मराठी बोलता येते, म्हणून आपण धरून चालतो की कागदही समजला. पण "सदर मिळकतीचे सर्व हक्क, अधिकार व हितसंबंध" हे मराठी बोलणाऱ्यालाही पटकन उमगत नाही.

कुंभारीच्या विडी घरकुलातून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतून, एक आजी आल्या होत्या. सोबत पुतण्या होता. तो म्हणाला, "लाइट बिल नावावर करायचंय, साधं ॲफिडेव्हिट आहे." कागद तीन पानी होता आणि दुसऱ्या पानावर घर विकण्याचा अधिकार पुतण्याला दिलेला होता. मी पुतण्याला बाहेर बसवलं आणि माझ्याकडे काम करणाऱ्या तेलुगू मुलीला आत बोलावून आजींना प्रत्येक परिच्छेद त्यांच्या भाषेत सांगायला लावलं. "घर विकायचं" हे ऐकताच आजींनी पदर सावरला आणि उठून उभ्या राहिल्या. त्या दिवशी मी काही फार मोठं केलं नाही, नोटरीने रोज करायचं तेच केलं. पण सकाळीच सही-शिक्का मारून ठेवलेला कागद असता तर ते घर गेलं असतं.

म्हणून माझा नियम असा : अंगठा लावणाऱ्या किंवा मराठी न वाचणाऱ्या व्यक्तीचा कागद असेल, तर खाली स्पष्ट लिहायचं की मजकूर अमुक भाषेत वाचून व समजावून सांगितला आणि तो बरोबर असल्याचं त्यांनी कबूल केलं. ज्याने समजावून सांगितलं त्याचं नाव आणि सही घ्यायची. आणि ज्याचा त्या कागदात फायदा आहे, त्याला दुभाषा करायचं नाही. भाषांतर करणं आणि भाषांतर बरोबर असल्याचं प्रमाणित करणं हेही नोटरी अधिनियम 1952 च्या कलम 8 मध्ये नोटरीचंच काम म्हणून दिलेलं आहे. तुम्हाला कन्नड येत असणार. ती तुमची मोठी जमेची बाजू आहे.

ओळख पटवताना आधारची झेरॉक्स चालवून घेऊ नका, मूळ कार्ड मागा. फोटो जुना असतो, लग्नानंतर नाव बदललेलं असतं, अशा वेळी दुसरा पुरावा बघा. तुम्हाला ओळखीचा असलेला वकील ओळख देत असेल तर त्याची सही कागदावरही घ्या आणि रजिस्टरमध्येही. अंगठा घ्याल तेव्हा कोणाचा, कोणत्या हाताचा, हे शेजारी लिहा. दोन बहिणींमधली एक दुसरीच्या नावाने येते, हे मी बघितलं आहे. जन्मतारीख, भावंडांची नावं, माहेरचं गाव असे दोन-चार साधे प्रश्न सहज गप्पांत विचारले की बहुतेक वेळा खरं-खोटं कळतं.

रजिस्टरबद्दल. 1956 च्या नोटरी नियमांनुसार ठरलेल्या नमुन्यात नोंदवही ठेवावीच लागते. अनुक्रमांक, तारीख, कामाचा प्रकार, पक्षकारांची नावं-पत्ते, लावलेलं तिकीट, घेतलेली फी, पक्षकाराची सही, आपली सही. नोंद त्याच क्षणी करायची. संध्याकाळी आठवून भरलेलं रजिस्टर उलटतपासात टिकत नाही, कारण अनुक्रमांक आणि वेळ यांची सांगड बसत नाही. मधे ओळी रिकाम्या सोडू नका. "मागच्या तारखेत बसवा" म्हणून येणारे रिकामी ओळच शोधत असतात. कागदावर लिहिलेला अनुक्रमांक आणि रजिस्टरमधला अनुक्रमांक जुळला पाहिजे. ही वही जिल्हा न्यायाधीश किंवा सरकारने नेमलेला अधिकारी वर्षातून दोनदापर्यंत तपासायला मागवू शकतो. दर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मागच्या वर्षीच्या सगळ्या कामांचं विवरणपत्र, ज्या सरकारने नेमलं त्या सरकारला पाठवायचं असतं. माझ्या लक्षात ते गड्ड्यामुळे, म्हणजे आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेमुळे, राहतं. संक्रांतीला नंदीध्वज निघायच्या आठवडाभर आधीच विवरणपत्र गेलं पाहिजे, असं मी मनाशी ठरवून टाकलं आहे.

फीची पावती द्यायची आणि त्या जमेची वेगळी नोंद ठेवायची. फीचा दरफलक ऑफिसच्या आतही हवा आणि बाहेरही. ही नियमातली अट आहे. प्रमाणपत्रात लिहिलेल्या क्षेत्राच्या आत ऑफिस आणि नावाची पाटी हवी. शिक्का गोल, 5 सेंटिमीटर व्यासाचा, त्यात नाव, क्षेत्र, नोंदणी क्रमांक, नेमणूक करणारं सरकार. क्षेत्राबाहेर जाऊन सही केली तर ती नोटरीची सही राहत नाही. तुमच्या प्रमाणपत्रावर अक्कलकोट तालुका लिहिलंय की सोलापूर जिल्हा, हे टेबल मांडायच्या आधी बघा. फक्त तालुका असेल तर क्षेत्र वाढवून घेतल्याशिवाय सोलापुरात बसू नका.

आता सगळ्यात अवघड भाग. लोक आपल्याकडे असे कागद घेऊन येतात, ज्यांवर आपला शिक्का बसला तरी त्यांना हवं ते मिळणार नाही. त्यांना वाटतं, नोटरी झाली म्हणजे कागद पक्का झाला. हा समज आपणच मोडला पाहिजे, कारण हे लोक आयुष्यभराची पुंजी घेऊन आपल्यापुढे बसलेले असतात.

शहराच्या कडेला गुंठ्या-दीड गुंठ्याचे प्लॉट "नोटरीवर" विकले जातात. विडीच्या किंवा मागाच्या मजुरीतून साठवलेले चार-पाच लाख देऊन माणूस नोटरी केलेलं खरेदीखत घेऊन जातो. नोंदणी कायदा 1908 च्या कलम 17 प्रमाणे 100 रुपयांवरच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत असावीच लागते. दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सरकारी नोंदणी अधिकाऱ्याकडे, न गेलेलं खरेदीखत मालकी देत नाही, मग त्यावर दहा नोटरींचे शिक्के असोत. मुखत्यारपत्र, साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) आणि मृत्युपत्र अशी जोडगोळी करून विक्री भागवण्याचा प्रकारही सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात मोडीत काढला. मी असा खरेदीखताचा मसुदा परत करतो आणि का परत करतो ते विकत घेणाऱ्याला सांगतो, विकणाऱ्याला नाही. विकणाऱ्याला ते आधीच माहीत असतं.

बहिणींचं हक्कसोडपत्र हा दुसरा प्रकार. भाऊ म्हणतो, घरातल्या घरात आहे, नोटरी पुरे. पुरत नाही. ते नोंदवलंच पाहिजे, आणि नोंदवायला गेलं की बहीण स्वतः दुय्यम निबंधकासमोर बसते, तिला विचारलं जातं, फोटो आणि अंगठा घेतला जातो. भावाला नेमकं तेच टाळायचं असतं, असं कित्येकदा दिसतं. स्थावर मिळकतीच्या बक्षीसपत्रालाही नोंदणी लागते. मुस्लिम कायद्यातल्या तोंडी हिब्याची गोष्ट वेगळी. तिथे देणं, स्वीकारणं आणि ताबा देणं झालं की दान पूर्ण होतं. म्हणून असा पक्षकार आला तर सरसकट उत्तर देऊ नका, आधी नीट ऐकून घ्या.

भाडेकरार तर रोजचाच. "अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही" हे वाक्य सोलापुरात घरमालकापासून एजंटापर्यंत सगळे म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चं कलम 55 काढून दाखवा. भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत हवा आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर उद्या वाद झाल्यावर भाडेकरू अटींबद्दल जे सांगेल तेच न्यायालय आधी खरं धरतं. शिवाय घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कळल्यावर बरेच घरमालक स्वतःच ऑनलाइन नोंदणीकडे वळतात.

काडीमोडीच्या कागदाला मात्र माझ्याकडे ठाम नकार आहे. दोन्हीकडची माणसं जमतात, मुलगी खाली मान घालून बसलेली असते आणि स्टॅम्पवर "आजपासून आमचा संबंध राहिला नाही" असं टाइप झालेलं असतं. हिंदू विवाह कायद्याने रूढीने मिळणारा घटस्फोट पूर्ण बंद केलेला नाही, हे खरं. पण ती रूढी त्या समाजात आहे हे न्यायालयात सिद्ध करावं लागतं. नोटरीच्या शिक्क्याने ती सिद्ध होत नाही आणि लग्नही मोडत नाही. मुलगी त्या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न करते आणि पुढे द्विभार्या-द्विपतीच्या खटल्यात सापडते. लग्नाच्या करारांचंही तसंच. नोटरी हा विवाह अधिकारी नाही. केंद्राच्या विधि विभागाने 2024 मध्ये नोटरींना लग्नाची आणि घटस्फोटाची कागदपत्रं करू नका असं स्पष्ट बजावलं आहे. अशा जोडप्याला कौटुंबिक न्यायालयाचा रस्ता दाखवा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मिळतो, हेही सांगा. मुलीला एकटीला बाजूला घेऊन सांगा.

मृत्युपत्राला नोटरी लागत नाही. लागतात दोन साक्षीदार, भारतीय उत्तराधिकार कायदा 1925 च्या कलम 63 प्रमाणे. लोक पैसे देऊन शिक्का घेतात आणि साक्षीदारच विसरतात. मुखत्यारपत्रातही एक अडचण आहे. ज्याच्या आधारे दस्त नोंदणीला दाखल करायचा, ते मुखत्यारपत्र देणारा भारतात राहत असेल तर नोंदणी कायद्याच्या कलम 33 प्रमाणे दुय्यम निबंधकासमोरच व्हावं लागतं, नोटरीवर भागत नाही. हे आधीच सांगितलं नाही तर माणूस पुण्या-मुंबईहून येऊन हात हलवत परत जातो.

काही कामं तर विनानोटरी होतात, तीही सांगून टाका. राज्य सरकारने मार्च 2015 मध्ये निर्णय घेतला की कार्यालयीन कामांसाठी जिथे कायद्यानेच प्रतिज्ञापत्र सांगितलेलं नाही, तिथे साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती चालतील. तरीही जून महिन्यात विद्यार्थ्यांची रांग लागते. ऑक्टोबर 2024 मध्ये 100 रुपयांचं मुद्रांक शुल्क 500 वर गेलं, त्यामुळे गैरसमजाची किंमत आणखी वाढली. जात, उत्पन्न, रहिवास अशा दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, तरी मुलं 500 चा स्टॅम्प घेऊन येतात. त्यांना स्टॅम्प घ्यायच्या आधी गाठता आलं तर बघा. मी तसा कागदच दरवाजावर चिकटवला आहे. आणि घरात पडून राहिलेला जुना स्टॅम्प कोणी आणला तर त्यावरची तारीख बघा. महाराष्ट्रात खरेदीपासून सहा महिन्यांत न वापरलेला स्टॅम्प बाद होतो. जुन्या तारखेच्या स्टॅम्पवर आजचा व्यवहार लिहून आणणाऱ्याचा हेतू बहुधा चांगला नसतो.

स्वतःचा हितसंबंध असलेल्या कागदावर शिक्का मारू नका. ज्या दाव्यात माझं वकीलपत्र आहे, त्यातलं प्रतिज्ञापत्र मी दुसऱ्या नोटरीकडे पाठवतो. नातेवाइकांचंही तसंच.

तुम्ही जबाबदारी कुठपर्यंत म्हणून विचारलं. नोटरी म्हणून केलेल्या कामाबद्दल खटला चालवायचा तर सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते, असं नोटरी अधिनियमाचं कलम 13 म्हणतं. काही जण त्याला चिलखत समजतात. पण व्यावसायिक गैरवर्तनाची चौकशी नोटरी नियमांतल्या नियम 13 खाली वेगळी चालते. नुकसान झालेला साधा पक्षकारही सरकारकडे तक्रार करू शकतो आणि त्यातून समज मिळण्यापासून कायमचं प्रमाणपत्र रद्द होण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. तुम्ही वकीलही आहात, तेव्हा बार कौन्सिलचा प्रश्नही उभा राहतो.

टायपिस्टशी भांडू नका, त्याचंही पोट त्यावर आहे. त्याला सांगा, "कागद तुम्ही तयार करा, माणूस माझ्याकडे पाठवा, मी पाच मिनिटांत मोकळं करते." पहिले काही महिने दिवसाला पाच-सहाच कागद येतील. शेजारच्या टेबलावर गर्दी दिसेल आणि मन डळमळेल. माझंही डळमळलं होतं. पण हळूहळू वकीलच सांगू लागतात की साक्षीला उभं राहावं लागणारा कागद असेल तर तिकडे न्या. शिक्का रोज संध्याकाळी कुलपात ठेवा, किल्ली स्वतःकडे. प्रमाणपत्र पाच वर्षांचं आहे. त्याची शेवटची तारीख आजच रजिस्टरच्या पहिल्या पानाच्या आत लिहून ठेवा आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या बराच आधी करा. ती तारीख उलटल्यावर मारलेला एकही शिक्का नोटरीचा नसतो आणि त्याचा फटका तुमच्याकडे विश्वासाने आलेल्या माणसाला बसतो.